इराणी चहा राहील. खुर्ची राहील का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वर्तमानपत्रांत टीव्ही आणि मोटारींची चर्चा जास्त झाली. आपल्या हैदराबादेत मात्र या बदलाचा पहिला संबंध उस्मानिया बिस्किटाशी येतो. पाहुणा आला की बिस्किटांचा डबा आणायचा, मुंबई-पुण्याला निघालो की दोन डबे बॅगेत टाकायचे, ही आपल्या घरांची रीत. त्या डब्यावरचा कर उतरला, हे चांगलेच झाले.

पण ज्या इराणी हॉटेलात बसून ते बिस्किट चहात बुडवायचे, त्या हॉटेलाच्या वहीत फारसे काही बदलले नाही. हॉटेलच्या बिलावर पूर्वीही ५ टक्के होते, आताही ५ टक्केच आहेत. त्या ५ टक्क्यांच्या बदल्यात मालकाला खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. जागेच्या भाड्यावरचे १८ टक्के आणि व्यावसायिक गॅस सिलिंडरवरचे १८ टक्के त्याच्या खिशातूनच जातात. बिस्किटाला सवलत मिळाली, बसण्याच्या जागेला मिळाली नाही. आजच्या परिस्थितीत हा फरक महत्त्वाचा आहे, आणि आपल्या सभासदांनी तो नीट समजून घ्यावा म्हणून हा लेख.

इराणी आले कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून माणसे हिंदुस्थानात येऊ लागली. दुष्काळ, गरिबी, आणि झरतुश्ती लोकांच्या बाबतीत धर्मामुळे होणारा जाच ही त्याची कारणे. बहुतेक जण आधी मुंबईत उतरले. तिथे त्यांनी चहा, पाव-मस्का आणि किरकोळ किराणा अशी दुकाने थाटली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. मुंबईची कयानी अँड कंपनी १९०४ची, ब्रिटानिया १९२३ची आणि पुण्याचे कॅफे गुडलक १९३५चे. मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसाला ही नावे शेजाऱ्यांच्या नावांसारखी पाठ असतात.

हैदराबादला आलेले इराणी बहुतेक मुसलमान, आणि त्यांतले बरेच मुंबई-पुण्यामार्गे आलेले. इथे त्यांना अगदीच परके वाटण्याचे कारण नव्हते. कुतुबशाही घराण्याचे मूळ इराणी, आणि १५९१ मध्ये वसलेल्या या शहराच्या आखणीचे श्रेय ज्यांना देतात ते मीर मोमीन अस्त्राबादीही इराणचेच. निजामाच्या दरबारात १८८०च्या दशकापर्यंत कारभाराची भाषा फारसी होती. त्यामुळे यझ्दहून निघालेला माणूस इथे आला तेव्हा त्याला आपल्या भाषेचे शब्द बाजारात ऐकू येत होते. आबिड्सचे ग्रँड हॉटेल १९३५चे, म्हणजे पुण्याच्या गुडलकच्याच वयाचे. सिकंदराबादचे पॅराडाइज १९५३ मध्ये त्याच नावाच्या टॉकीजजवळ एक लहान कॅफे म्हणून सुरू झाले.

आपली गोष्ट याहून फार निराळी नाही. आपल्यातली कित्येक घराणी मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतून नोकरी, वकिली, शिक्षण यांसाठी या राजधानीत आली. १९०७ मध्ये विवेकवर्धिनीची शाळा उघडली. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडेच राहिलो. परक्या गावात येऊन त्याच गावचे होऊन जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

इराणात नसलेला इराणी चहा

आता गंमत पाहा. इराणात चहा बिनदुधाचा पितात. साखरेचा खडा दातांत किंवा जिभेवर धरायचा आणि वरून कोरा, कडक चहा प्यायचा, ही तिकडची पद्धत. आपण ज्याला इराणी चहा म्हणतो तो तेहरानच्या माणसासमोर ठेवला तर तो त्याला ओळखणारही नाही.

हा चहा इथे घडला. एका भांड्यात पाणी, चहापत्ती आणि साखर घालून, झाकण घट्ट बसवून, तो मंद आचेवर बराच वेळ मुरत ठेवायचा. दुसऱ्या भांड्यात दूध आटवत राहायचे. काही ठिकाणी त्यात खवा घालतात. गिऱ्हाईक आले की कपात आधी कोरा अर्क, मग वरून दाट दूध. बिर्याणीला दम देतात तसा चहालाही दम देण्याची ही कल्पना खास हैदराबादी. आपल्या घरचा चहा आले-वेलची घालून एका उकळीत होतो. याला तास लागतो. म्हणूनच तो घरी कुणी करत नाही, आणि त्यासाठी बाहेर जावे लागते.

चहासोबत जे येते तेही मिश्रच. उस्मानिया बिस्किट थोडे गोड, थोडे खारट. त्याचे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले असे मानतात, आणि उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांसाठी ते प्रथम केले गेले अशीही एक कथा सांगतात. लुखमी चौकोनी आणि खिम्याची. कांद्याचा छोटा समोसा, जो आमच्यासारख्या शाकाहारी घरांतून आलेल्यांचा आधार. बन-मस्का मुंबईच्या वाटेने आला. खारी आणि नानखटाई बेकरीची. दिलखुश आणि दिलपसंद ही नावे ऐकूनच पोरे खूश.

हे सारे भाषेसारखेच घडले. दख्खनीतला ‘नक्को’ हा आपल्या ‘नको’चाच भाऊ, आणि जोर देण्यासाठी इथला मुसलमान शब्दाच्या शेवटी जो ‘च’ लावतो तोही मराठीतून गेलेला. आपण त्यांना ‘नको’ दिला, त्यांनी आपल्याला ‘खडा चम्मच’ दिला, म्हणजे कपात साखर इतकी की चमचा उभा राहावा. कुणी कुणाकडून काय घेतले याचा हिशेब कधी मांडला गेला नाही, आणि मांडायची गरजही नव्हती.

याच हॉटेलांनी आणखी एक काम केले. आपल्या आजोबांच्या पिढीत कोण कोणाच्या हातचे पाणी पितो यावर कडक बंधने होती. एकाच संगमरवरी टेबलावर हमाल, कारकून, विद्यार्थी आणि वकील बसत, आणि एकाच प्रकारच्या कपातून पीत. घरी सांगायची सोय नव्हती, पण जायचे ते जात. सोवळे मोडायला सुधारकांची भाषणे जितकी कामी आली, तितकाच हातभार या कपबशीनेही लावला असेल.

एका खुर्चीचा हिशेब

असे असताना ही हॉटेले बंद का पडतात? ‘लोकांची आवड बदलली’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते आम्हांला पटत नाही. इराणी चहाची मागणी कमी झालेली नाही. शहरात जागोजागी तो मिळतो, नव्या वस्त्यांत त्याच्या चकचकीत शाखा निघाल्या आहेत. कमी होत आहे ती निवांत बसायची जागा. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे आम्ही हा प्रश्न कागदावर मांडून पाहिला. पुढचे आकडे कोणत्याही खऱ्या हॉटेलाचे नाहीत. उदाहरणादाखल धरलेले आहेत. ज्याला जे पटत नसतील त्याने ते बदलून पाहावेत.

समजा, १५ टेबले आणि ६० खुर्च्यांचे जुने हॉटेल आहे. गिऱ्हाईक अर्धा तास बसते आणि चहा-बिस्किटावर ३० रुपये खर्च करते. खुर्ची सतत भरलेली असेल तर तासाला ६० रुपये मिळतील. पण सगळ्या खुर्च्या सगळा वेळ भरत नाहीत. निम्म्या भरतात असे धरू. म्हणजे दर खुर्चीमागे तासाला ३० रुपये. ६० खुर्च्या आणि १४ तास, म्हणून दिवसाला २५,२०० आणि महिन्याला ७ लाख ५६ हजार. ऐकायला रक्कम मोठी वाटते.

आता वजाबाकी. दूध, साखर, चहापत्ती, मैदा यांवर ४५ टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ४० हजार. १४ कामगार, प्रत्येकी १८ हजार, म्हणजे २ लाख ५२ हजार. गॅस आणि वीज ५५ हजार. उरले सुमारे १ लाख ९ हजार. यात जीएसटी धरलेला नाही, मालकाचा स्वतःचा पगार नाही, आणि भाडेही नाही.

भाडे जुन्या कराराचे, महिना १५ हजार असेल, तर ९४ हजार उरतात आणि घर चालते. पण तीच १,५०० चौरस फुटांची जागा आजच्या दराने, समजा फुटाला १०० रुपये, घ्यायची झाली तर भाडे दीड लाख. मग दरमहा ४१ हजारांचा तोटा. सगळा धंदा जुन्या भाड्यावर उभा आहे, हे यातून दिसते. ज्या दिवशी घरमालकाची पुढची पिढी करार बदलते किंवा इमारत पाडायला काढते, त्या दिवशी हॉटेलाचे आयुष्य संपते. चहाची चव तिथे काही करू शकत नाही.

आता उलट बाजू. तोच चहा १५० चौरस फुटांच्या काउंटरवरून विकला आणि लोक उभ्यानेच पिऊन गेले, तर? दिवसाला ८०० कप, २० रुपये दराने १६ हजार. महिन्याला ४ लाख ८० हजार. माल ४५ टक्के वजा जाता २ लाख ६४ हजार. पाच कामगारांचे ९० हजार, गॅस-वीज ३५ हजार, आणि भाडे फुटाला २०० धरले तरी ३० हजार. हाती १ लाख ९ हजार. दुप्पट दराने भाडे भरूनही फायदा.

म्हणून नवा पैसा काउंटरमध्ये जातो, आणि जुने दालन एकतर बिर्याणीकडे वळते किंवा बंद होते. बिर्याणीचे ताट तीनशे रुपयांचे असते, तिथे खुर्चीचा हिशेब जमतो. पॅराडाइजची वाट अशीच झाली: चहाच्या कॅफेपासून बिर्याणीच्या साखळीपर्यंत, आणि पुढे गुंतवणूक कंपन्यांच्या भांडवलापर्यंत. त्यात चूक काही नाही. पण तासभर पेपर वाचत एका चहावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला त्या हिशेबात जागा उरत नाही.

रस्ते हाही एक घटक आहे. कोपऱ्यावरची जागा, जिच्यामुळे इराण्याचे बस्तान बसले, तीच आज रुंदीकरणात सर्वांत आधी जाते. चंद्रायनगुट्ट्यापर्यंतच्या मेट्रोमार्गासाठी जुन्या शहरात मालमत्ता घेण्याचे आणि पाडापाडीचे काम झाले आहे. मेट्रो हवीच. पण नुकसानभरपाई मुख्यत्वे जागेच्या मालकाला मिळते, आणि चाळीस वर्षे त्या जागेत भाड्याने धंदा करणाऱ्याच्या नावलौकिकाची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, हे ठरलेले नाही.

मुलगा की कामगार?

दुसरे कारण घरातले आहे. मुंबईत १९५०च्या दशकात साडेतीनशेच्या आसपास इराणी हॉटेले होती असे सांगतात. आज मोजायला दोन-तीन हातांची बोटे पुरतात. तिथल्या आणि इथल्या इराण्यांची मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली, परदेशी गेली. पहाटे चारला उठून भट्टी पेटवायला कुणी तयार नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला तर मुळीच नाही. आपल्यातल्या किती घरांत तिसरी पिढी वडिलांचा व्यवसाय करते?

पण हैदराबादने यावर एक उत्तर काढून दाखवले आहे. लकडी-का-पूलजवळच्या रेड हिल्सचे कॅफे निलोफर १९७०च्या दशकात एका इराण्याने सुरू केले. तिथेच कामगार म्हणून लागलेल्या ए. बाबूराव या तेलुगू माणसाने पुढे ते चालवायला घेतले, मग विकत घेतले, आणि आज त्याच्या शाखा शहरभर आहेत. परंपरा रक्ताच्या वारसाकडेच गेली पाहिजे असे नाही. ज्याने भांडी घासता घासता दूध किती आटवायचे ते पाहिले, त्याच्याकडे ती गेली आणि वाढली. मुंबईत जे कमी घडले ते इथे घडले, म्हणूनच इथला इराणी चहा अजून धडधाकट आहे, असे आमचे मत आहे.

क्युबाची खिडकी

ही गोष्ट फक्त आपल्या शहराची नाही. १९५९च्या क्रांतीनंतर क्युबातून लाखो लोक अमेरिकेतल्या मायामीला गेले. तिथल्या ‘काये ओचो’ रस्त्यावर १९७१ मध्ये व्हर्साय नावाचे क्युबन रेस्टॉरंट उघडले. फेलिपे वाल्स हे त्याचे संस्थापक. ते २०२२ मध्ये गेले. आत आरशांचे दालन, टेबले, घरच्यासारखे जेवण: काळे राजमे आणि भात, तळलेली केळी, आणि ‘रोपा व्हिएहा’ म्हणजे तंतू सुटेपर्यंत शिजवलेले मांस. गंमत अशी की खुद्द क्युबात १९६२ पासून रेशनपुस्तिका चालू आहे आणि गोमांसाची इतकी टंचाई की हा पदार्थ सामान्य माणसाच्या ताटात क्वचितच येतो. मूळ देशापेक्षा मायामीतच तो सहज मिळतो. इराणात नसलेला इराणी चहा आपल्याकडे, तसे हे.

पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती तिथली खिडकी. व्हर्सायच्या भिंतीत रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आहे. लोक तिथे उभ्याने लहान पेल्यातून कडक, गोड कॉफी पितात आणि हवानातल्या राजकारणावर तावातावाने बोलतात. अशा खिडक्या आता मायामीभर आहेत. उभ्याने पिणाऱ्याची सोय झाली म्हणून आतले दालन बंद करावे लागले नाही. आपल्या वरच्या हिशेबात काउंटर आणि दालन एकमेकांचे शत्रू दिसतात. दोन्ही एकाच मालकाच्या हाती, एकाच जागी असतील तर काउंटरच्या नफ्यातून दालन चालू शकते. आपल्याकडची जी जुनी हॉटेले टिकून आहेत, त्यांतल्या अनेकांनी बिस्किटांचे काउंटर दारातच लावून हेच केलेले दिसते. बिस्किटांवरचा कर उतरल्याचा खरा फायदा अशा हॉटेलांना होऊ शकतो.

काय करता येईल?

३१ ऑक्टोबर २०१९ रोजी युनेस्कोने हैदराबादला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून निवडले. २०२५ मध्ये तोच मान लखनौलाही मिळाला. हैदराबादी हलीमला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे पदार्थांना मान मिळाला आहे. जागांना अजून मिळालेला नाही, आणि पाट्या लावून तो मिळणारही नाही.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ मध्ये मतदारांच्या कौलाने एक निधी उभारला. तीस वर्षांहून जुन्या, परिसराची ओळख बनलेल्या दुकानांची नोंदवही केली. विशेष म्हणजे मदत दुकानदारालाच नव्हे, तर त्याला दहा वर्षांचा करार देणाऱ्या घरमालकालाही ठेवली. हे मर्मावर बोट ठेवणे आहे. आपल्याकडेही महापालिकेला दीर्घ मुदतीचा करार देणाऱ्या घरमालकाच्या मालमत्ता करात सवलत देता येईल. मेट्रो आणि रस्त्यांच्या भरपाईत जुन्या भाडेकरूसाठी त्याच परिसरात पर्यायी गाळा देता येईल. यात मोठा खर्च नाही.

यावर एक आक्षेप येईल: सरकारने चहाच्या हॉटेलाला पैसे का द्यावेत? शहरात शाळा, दवाखाने यांची निकड आधी नाही का? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आम्ही अनुदान मागत नाही, करातली सूट मागतो, तीही जागामालकाने दहा वर्षांची हमी दिली तरच. शिवाय स्वच्छतेचे नियम जुनेपणाच्या नावाखाली कुणाला माफ करू नयेत. गेल्या एक-दोन वर्षांत राज्याच्या अन्नसुरक्षा पथकांनी शहरातल्या अनेक हॉटेलांच्या तपासण्या केल्या, ते योग्यच झाले. वारसा म्हणून मान हवा असेल तर स्वयंपाकघरही दाखवण्यासारखे हवे.

आता आपल्यापुरते. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चौडी, जामबाग या भागांत आपल्या ज्येष्ठ सभासदांचे तारुण्य गेले. नाटकाच्या तालमीनंतर, ग्रंथालयातून निघाल्यावर, परीक्षेच्या निकालादिवशी कुठल्या हॉटेलात बसलो, तिथे काय मिळत होते, किती आण्यांना मिळत होते, ही माहिती फक्त त्यांच्यापाशी आहे. ती इराण्यांच्याही दप्तरी नसेल. मंडळाने या आठवणी नोंदवून घ्याव्यात: हॉटेलचे नाव, नेमकी जागा, साधारण साल, काय खाल्ले, दर काय होता. नातवंडांनी फोनवर आवाज मुद्रित करावा, तेवढेच त्यांचेही मराठी ऐकणे होईल. हे काम पुढच्या पाच वर्षांत झाले तरच होईल.

आणि मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहासाठी कागदी पेले मागवण्याऐवजी, जवळचे एखादे जुने हॉटेल चालू असेल तर सगळ्यांनी तिथे जाऊन बसावे. वीस माणसे तासभर बसली की हॉटेलाच्या गल्ल्यात सहाशे-आठशे रुपये पडतात. रक्कम लहान आहे. पण रिकाम्या खुर्चीचे उत्पन्न शून्य असते, आणि जुन्या दालनाचा तोटा नेमका तिथेच सुरू होतो.